खेळाचा डबा घरी आणताना

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की ती पुढच्या खोलीत येऊन बसते, बातम्या ऐकते, त्यामागून लागणारे कीर्तन ऐकते आणि मग जेवते. वडील गेल्यापासून हा क्रम कधी चुकला नाही. त्या आठवड्यात मात्र ती चार दिवस आपल्या खोलीतच बसून राहिली. मी विचारले, तर म्हणाली, "डोळे दुखतात रे जरा." खरे कारण पाचव्या दिवशी धाकटीने सांगितले. "बाबा, आजीला वाटतंय तिच्या हातून टीव्ही बिघडला. ती बटण दाबते आणि नुसता काळा पडदा येतो."

टीव्ही मुळीच बिघडला नव्हता. दिवाळीत मी चिरंजीवांसाठी गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळावयाचा खेळाचा डबा, घरी आणला होता. खेळून झाले की तो टीव्ही त्याच जोडणीवर ठेवून बंद करी. आई लाल बटण दाबी तेव्हा टीव्ही उघडे तो कन्सोलच्या तारेवर, आणि कन्सोल तर बंद. डिशच्या रिमोटने मग काय होणार? एवढी महागाची वस्तू आपण बिघडवली, आता सुनेला कसे सांगावे, ह्या संकोचाने ती माऊली चार दिवस गप्प बसली.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तो डबा घेताना मी त्याचा वेग पाहिला, साठवण पाहिली, चार दुकानांतले भाव पाहिले. त्या टीव्हीवर ज्या माणसाचा रोजचा हक्क होता, त्या माणसाचा विचार तेवढा करावयाचा राहिला. तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून आज हे चार शब्द सांगत आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. कन्सोल म्हणजे एकाच कामासाठी बनवलेला संगणक. त्याला स्वतःचा पडदा बहुधा नसतो. पडदा म्हणून तो आपला टीव्ही वापरतो. हातात धरावयाचे जे बटणांचे साधन, त्याला मुले कंट्रोलर म्हणतात आणि आपण सवयीने रिमोट म्हणतो. गंमत पाहा. १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ओडिसी नावाचा पहिला घरगुती कन्सोल विक्रीला आला. राल्फ बेअर नावाच्या अभियंत्याच्या १९६६ सालच्या कल्पनेतून तो जन्मला होता. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर प्रकाशाचे दोन-तीन ठिपके हलत. मैदानाचे चित्र छापलेला पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवावयाचा आणि गुण पाटीवर मांडावयाचे, असा तो खेळ होता. आपल्याकडे टीव्ही येत होता तेव्हा तिकडे टीव्हीशी खेळणेही सुरू झाले होते.

माझ्या पिढीने ही वस्तू पाहिली ती नव्वदच्या दशकात. निंटेंडो नावाची जपानी कंपनी क्योटो शहरात १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी स्थापन झाली. तिने १९८३ साली फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्या तालुक्याच्या बाजारांतही आल्या. कॅसेट घालावयाची, चित्र आले नाही तर काढून तिच्यात फुंकर मारावयाची आणि पुन्हा घालावयाची, हा विधी चाळिशीतल्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. त्या खेळाचा हिशेब सोपा होता. डबा एकदा घेतला की खर्च संपला. इंटरनेट नको, खाते नको, वर्गणी नको. आजच्या डब्याचे तसे नाही, आणि निवडीचा सगळा प्रश्न येथूनच सुरू होतो.

आज बाजारात मुख्यतः तीन घराणी आहेत. सोनीचे प्लेस्टेशन १९९४ साली जपानात आले. त्याचा पाचवा अवतार २०२० च्या नोव्हेंबरात जगात आणि २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स २००१ चे; त्याची सीरीज एक्स आणि सीरीज एस ही रूपे २०२० ची. तिसरे निंटेंडोचे स्विच, २०१७ चे; त्याचा दुसरा अवतार २०२५ च्या जूनमध्ये आला. दुकानदार विचारतो, "कोणता देऊ?" शेजारचा मुलगा सांगतो, "अमुकच भारी." पण बैल घेताना आपण आधी आपले रान पाहतो, मग बैलाचे दात पाहतो. येथेही आधी घर पाहावे.

म्हणून पहिला प्रश्न हा की, खेळणार कोण आणि कोणाबरोबर? एकटाच कॉलेजचा मुलगा असेल, त्याला मोठ्या पडद्यावर फुटबॉल, मोटारशर्यत, साहसकथा खेळावयाच्या असतील, तर प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स त्याच्या कामाचे. घरात सात-आठ वर्षांची मुले असतील, सुट्टीत मामेभावंडे येत असतील आणि चौघांनी मिळून हसत खेळावे अशी इच्छा असेल, तर स्विच अधिक सोयीचे. त्याला स्वतःचा लहान पडदा आहे. हातात धरून खेळता येते आणि खोबणीत ठेवले की चित्र टीव्हीवर जाते. त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे सुटे होऊन दोघांचे दोन कंट्रोलर होतात. टीव्ही आजीला आणि खेळ नातवाला, अशी वाटणी ह्या यंत्रात होऊ शकते. मात्र स्विच लाइट नावाचे त्याचे स्वस्त भावंड टीव्हीला जोडता येत नाही. नाव सारखे आहे म्हणून फसू नका.

दुसरा प्रश्न, कोणता खेळ? काही खेळ एकाच घराण्याच्या यंत्रावर चालतात. मुलाला हवा असलेला खेळ ज्या यंत्रावर चालतच नाही ते यंत्र आणले, तर भांडण ठरलेले. तेव्हा मुलाला कागदावर पाच खेळांची नावे लिहावयास सांगा. ते कोणत्या यंत्रावर चालतात ते पाहा. त्यांतले तीन घरातल्या संगणकावर किंवा फोनवर चालत असतील, तर नवीन डब्याची गरज आहे का, हेही त्याच कागदावर लिहा. पुष्कळदा ह्या कागदानेच निम्मा प्रश्न सुटतो.

आता पैशाचे बोलू. भारतात २०२१ साली प्लेस्टेशन ५ आले तेव्हा चकती घालता येणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. विजेच्या वस्तू जुन्या झाल्या की स्वस्त होतात असा आपला अनुभव. ह्या यंत्राची किंमत मात्र २०२२ च्या नोव्हेंबरात वाढून ५४,९९० झाली. म्हणजे थांबलो तर स्वस्त मिळेल हा भरवसा येथे धरू नये. आणि डब्याची किंमत हा खर्चाचा केवळ आरंभ आहे. ह्या धंद्याची रीतच अशी आहे की, डबा थोड्या नफ्यात, कधी तोट्यातही विकावा आणि खरी कमाई खेळांवर करावी. मोठ्या नव्या खेळाची किंमत पाच हजारांच्या घरात जाते.

एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे मी गणितासाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातले घाला. डबा ५०,००० रुपयांचा. भावंडासाठी दुसरा कंट्रोलर ६,०००. वर्षाला चार खेळ, सरासरी ३,००० रुपयांचे, म्हणजे तीन वर्षांत ३६,०००. इतरांशी इंटरनेटवरून खेळण्याची वर्गणी वर्षाला ३,००० धरली तर तीन वर्षांत ९,०००. बेरीज झाली १,०१,००० रुपये. छत्तीस महिन्यांनी भागा, महिन्याला सुमारे २,८०० रुपये पडले. आता घरातल्या मिळकतीकडे पाहून स्वतःला विचारा की, हा मासिक खर्च तीन वर्षे आपल्याला झेपेल का? झेपत असेल तर खुशाल घ्या. करमणूक हा काही गुन्हा नव्हे. पण पन्नास हजारांची तयारी करून लाखाच्या खर्चात शिरू नका.

हा हिशेब कमी करण्याचा एक मार्ग चकतीचा आहे. यंत्रे दोन प्रकारची मिळतात, चकतीची आणि बिनचकतीची. एक्सबॉक्स सीरीज एस मध्ये चकती घालण्याची सोयच नाही. प्लेस्टेशन ५ चे डिजिटल रूपही चकतीवाचून येते. ती स्वस्त म्हणून मोह होतो. परंतु बिनचकतीच्या यंत्रात प्रत्येक खेळ इंटरनेटवरून, कंपनीच्या दुकानातूनच घ्यावा लागतो आणि तो तुमच्या खात्याला बांधलेला राहतो. चकती असेल तर ती मित्राला देता येते, त्याची आणता येते, खेळून झाल्यावर विकता येते. गावात चार मुलांकडे एकच यंत्र असेल आणि प्रत्येकाने वर्षाला दोन चकत्या घेतल्या, तर प्रत्येकाला आठ खेळ मिळतात. सहकाराचे हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. स्विचचे खेळही बहुतांशी अशाच लहानशा कार्डांवर मिळतात आणि हातोहात देता येतात.

तिसरा एक प्रकार आहे, महिन्याच्या वर्गणीत शेकडो खेळ देण्याचा. हे वाचनालयासारखे समजा. वर्गणी चालू तोवर पुस्तक तुमच्या घरी. वर्गणी थांबली की पुस्तक परत. ज्याला पुष्कळ खेळ चाखून पाहावयाचे त्याला हे परवडते. जो मुलगा वर्षभर एकच फुटबॉल खेळणार आहे, त्याने ती एक चकती घेतलेली बरी.

खेड्यातल्या वाचकांनी आणखी एक हिशेब अवश्य करावा, तो इंटरनेटचा. मोठा खेळ शंभर जीबीपर्यंत जागा घेऊ शकतो. तुमच्याकडे फोनवर रोज दोन जीबी देणारा पॅक असेल, तर शंभर जीबी उतरवावयास पन्नास दिवस लागतील, आणि त्या पन्नास दिवसांत घरात कोणी दुसरे काही पाहावयाचे नाही. तेच गावात फायबरची तार आली असेल आणि वेग पन्नास एमबीपीएसचा खरोखर मिळत असेल, तर हे काम साडेचार तासांत होते. म्हणून जेथे तार आलेली नाही तेथे बिनचकतीचे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. चकतीच्या खेळालाही अधूनमधून दुरुस्त्या उतरवाव्या लागतात, पण सगळा भार इंटरनेटवर पडत नाही. साठवणही पाहा. सीरीज एस चे पहिले रूप ५१२ जीबीचे आहे. त्यात असे मोठे खेळ मोजकेच मावतात.

जुने यंत्र घ्यावयाचे असेल तर हरकत नाही; माझ्या मते पहिल्या वेळी ते शहाणपणाचेच आहे. प्लेस्टेशन ४ वरच्या बहुतेक चकत्या पुढे प्लेस्टेशन ५ वर चालतात, आणि स्विचचे बहुतेक खेळ स्विच २ वर. त्यामुळे खेळांवरचा पैसा वाया जात नाही. मात्र जुने यंत्र विकणाऱ्याच्या घरी जाऊन, टीव्हीला जोडून, अर्धा तास खेळून घ्यावे. चकती आत जाते-येते का, पंखा भणभणतो का, कंट्रोलरची काडी हात न लावता आपोआप सरकते का, हे पाहावे. पहिल्या मालकाने आपले खाते त्यातून काढून टाकले आहे याची खात्री तेथेच करावी. निंटेंडोचे यंत्र आपल्याकडे पुष्कळदा आयात होऊन येते, तेव्हा हमीचा कागद कोणत्या देशाचा आहे ते वाचावे. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. नातेवाइकाने तिकडून काही आणले तर त्याच्या वीजजोडावर १००-२४० असा आकडा छापलेला आहे का, ते पाहिल्यावाचून पिन लावू नये.

डबा घरी आला. आता टीव्हीच्या पाठीमागे चला, कारण माझ्या आईचा प्रश्न तेथे निर्माण झाला होता. पूर्वी टीव्हीला एक अँटेना असे. आज त्याच टीव्हीला डिशचा डबा, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी कांडी, आवाजाची लांब पेटी, कोणाकडे जुना डीव्हीडी, आणि आता कन्सोल. टीव्हीच्या पाठीला चपट्या तोंडाची दोन किंवा तीन भोके असतात. त्यांना एचडीएमआय म्हणतात आणि प्रत्येकाशेजारी १, २, ३ असा आकडा असतो. एका भोकाजवळ बहुधा एआरसी अशी अक्षरे असतात. आवाजाची पेटी एचडीएमआयच्या तारेने जोडावयाची असेल तर तिची जागा तीच. टीव्ही घेताना माणसे पडदा किती इंची ते विचारतात, भोके किती ते विचारत नाहीत. तीन असावीत.

आता माझ्या घरी काय केले ते सांगतो. डिश पहिल्या भोकात, कन्सोल दुसऱ्या, आवाजाची पेटी तिसऱ्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावली आणि तीवर शाईने आकडा व नाव लिहिले. रिमोटवर सोर्स किंवा इनपुट नावाचे एक बटण असते. टीव्हीने कोणत्या भोकातले चित्र दाखवावे ते ह्या बटणाने ठरते. त्या बटणाला लाल टिकली लावली, आईच्या कपाळाला लावतात तीच. टीव्हीशेजारी भिंतीवर एक पोस्टकार्ड चिकटवले. "काळा पडदा आला तर टिकलीचे बटण दाबा. १ आला की थांबा." एवढाच मजकूर, मोठ्या अक्षरात. शेवटचा नियम चिरंजीवांसाठी. खेळ संपला की टीव्ही १ वर आणूनच बंद करावयाचा. विहिरीवरून पाणी काढणारा पोहरा जागेवर ठेवून जातो, तसेच हे.

काही टीव्हींत अशी सोय असते की, कन्सोल चालू केला की टीव्ही आपोआप त्याच्यावर जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी ह्या नावाने ती सापडते. सोय चांगली आहे. पण कीर्तन चालू असताना कोणी कंट्रोलरचे बटण नुसते दाबले, तरी पडदा पळून जातो. आमच्याकडे दोनदा असे झाल्यावर आम्ही ती बंद केली. दुसरे, खेळताना हात हलला आणि चित्र मागाहून हलले असे वाटले, तर यंत्राला दोष देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड आहे का ते पाहा. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. गेम मोडमध्ये तो हे काम कमी करतो आणि उशीर घटतो.

विजेचा खर्च लोक समजतात तेवढा नाही. मोठा कन्सोल खेळताना दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो आणि मध्यम टीव्ही शंभराच्या आसपास. रोज दोन तास धरले तर महिन्याला दोन्ही मिळून अठरा युनिटे होतात. स्विचला याहून पुष्कळच कमी लागते. खरा धोका विजेच्या बिलात नसून विजेच्या लहरीत आहे. वीज अचानक जाते, परत येताना उसळी मारून येते. खेळ साठवला जात असताना वीज गेली तर साठवलेले बिघडू शकते. तेव्हा अर्थिंग नीट करून घ्या, बोर्ड चांगल्या प्रतीचा घ्या आणि त्याच बोर्डावर इस्त्री किंवा पाणी तापवण्याची कांडी लावू नका. वळवाचा पाऊस गडगडू लागला की नुसते बटण बंद करून भागत नाही. पिना काढा, डिशची तार काढा आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढा. डब्याला चारी बाजूंनी हवा लागू द्या. त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याची आपली हौस येथे आवरावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथून पुढचे मुख्यतः आपल्यासाठी आहे, कारण पालक प्रश्न घेऊन आपल्याकडेच येतात. ते विचारतात, "मास्तर, मुलगा बिघडेल का?" उत्तर घाबरवणारे नसावे आणि बेफिकीरही नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या अनावर सवयीला स्थान दिले आहे. पण त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. खेळावर ताबा राहत नाही. अभ्यास, जेवण, मित्र या सर्वांहून खेळ मोठा होतो. नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही. आणि हे साधारणपणे बारा महिने चालते. सुट्टीत चार दिवस उशिरापर्यंत खेळलेला मुलगा रोगी नव्हे. ज्याने क्रिकेटचे मैदान आणि जिवाभावाचा मित्र दोन्ही सोडले, त्याच्याकडे मात्र लक्ष द्यावे, आणि वेळेवर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खेळाच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो, ३, ७, १२, १६ किंवा १८. ही युरोपातल्या पेगी नावाच्या पद्धतीची वयाची खूण आहे. तिचा खेळ सोपा की अवघड याच्याशी संबंध नाही. आतला मजकूर कोणत्या वयाला योग्य, एवढेच ती सांगते. १८ चा खेळ पाचवीतल्या मुलाच्या हाती देणारे सुशिक्षित पालक मी पाहिले आहेत. त्यांना तो आकडा खेळाचा अनुक्रमांक वाटला होता! अमेरिकन खोक्यांवर आकड्यांऐवजी अक्षरे असतात. तेथे एम हे अक्षर दिसले की सतरा वर्षांखालील मुलासाठी तो खेळ नाही असे समजावे.

तिन्ही घराण्यांच्या यंत्रांत पालकांसाठी कुलूप असते. आधी पालकाने आपले खाते उघडावे, मग मुलाचे, आणि मुलाची जन्मतारीख खरी घालावी. म्हणजे रोज किती वेळ, कोणत्या वयाचे खेळ, अनोळखी माणसाशी बोलता यावे की नाही, आणि पैसे खर्च करता यावेत की नाही, हे सर्व पालकाच्या हाती राहते. बँकेचे कार्ड यंत्रात जतन करून ठेवू नये. फुकट म्हणून मिळणाऱ्या खेळांत पोशाख आणि हत्यारे विकत घेण्याचे आमिष असते, आणि लहान मुलाला पडद्यावरचा रुपया रुपया वाटत नाही. याहून वेगळी आणि वाईट गोष्ट म्हणजे पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. कन्सोलवरचा फुटबॉल आणि पैसे लावलेला पत्त्यांचा डाव, दोन्हींना लोक सरसकट 'गेम' म्हणतात. पालकांना हा फरक समजावून सांगणे हे आपले काम आहे.

पण कुलपाने सगळे होत नाही. कुलूप वेळ मोजते. घरातल्या माणसांना एकत्र बसवण्याचे काम ते करीत नाही. त्यासाठी आपल्याच मुलखातला एक जुना प्रयोग आठवावा. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राच्या क्षेत्रात, युनेस्कोच्या साहाय्याने, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली गेली. गावात रेडिओ एक. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी वीसेक माणसे जमत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपल्यावर रेडिओ बंद करून त्यावर बोलत. कार्यक्रम संपल्यावरच्या त्या बोलण्यात प्रयोगाचे खरे बळ होते. यंत्र एक, माणसे अनेक, आणि वेळ सर्वांनी मिळून ठरवलेली. आज आपल्या घरी माणसे चार आणि यंत्रे सहा आहेत. तरी युक्ती तीच उपयोगी पडते.

आम्ही रविवारी सकाळी सर्वजण बसून आठवड्याचे वेळापत्रक केले. ते करताना पहिला प्रश्न मी आईला विचारला की, तुला टीव्ही केव्हा हवा? ती संकोचाने म्हणाली, "मुलांना खेळू द्या. माझं काय, मेलं!" मी पुन्हा विचारले. तेव्हा तिने वेळ सांगितली, आणि ती वेळ कागदावर सर्वांत वर लिहिली गेली. मग परीक्षेचा अभ्यास, मग खेळ, मग शनिवारचा सिनेमा. जेवताना सर्व पडदे बंद, माझ्या फोनसुद्धा. हा शेवटचा नियम धाकटीने सुचवला आणि पहिल्याच आठवड्यात तो मोडणारा मी निघालो.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकदा बसवा. कोण खेळणार, काय खेळणार, तीन वर्षांचा खर्च किती, इंटरनेट पुरेल का, हे कागदावर लिहा. त्यातून यंत्राचे नाव आपोआप निघेल. यंत्र आणून जोडल्यावर, पहिला खेळ सुरू करण्याआधी, घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हातात रिमोट द्या आणि त्यांना त्यांचा नेहमीचा कार्यक्रम स्वतः लावू द्या. तो लागला म्हणजे तुमची जोडणी बरोबर झाली. नाही लागला, तर त्यांची चूक समजू नका. टीव्हीच्या पाठीमागे जा, चिकटपट्टी घ्या आणि तारेवर आकडे घाला.